माझं कोपर आणि तात्यांचा हात

माझ्या डाव्या कोपराला एका उन्हाळ्यात गाठ आली आणि सुप्याच्या विहिरींना दोर पुरायला लागले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे आमच्या तात्यांना कळायला महिना लागला आणि बारामतीच्या बाजाराला त्याहून एक आठवडा जास्त. मला मात्र ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही. न बोलणं हाच माझा त्या वेळचा मुख्य उद्योग होता.

मी मूळचा राजापूरकडचा. चौथीच्या परीक्षेला तपासणी करणारे साहेब येणार म्हटल्यावर मी सकाळीच आंब्यावर चढून बसलो, आणि साहेब जेवून परत गेले तरी उतरलो नाही. वडील खालून म्हणाले, "बस तिथंच. शाळेला आणि तुला दोघांनाही बरं." माझं शिक्षण संपलं ते असं, जमिनीपासून पंधरा फुटांवर! पुढे दहा-बारा वर्षं काथ्याची सुंभं वळली आणि एकविसाव्या वर्षी घाट चढून, गाड्या बदलत, शेवटी दौंडहून त्या चिमुकल्या आगगाडीनं बारामतीला मावशीकडे आलो.

मावशीचे यजमान म्हणजे तात्या. त्यांचं पेठेत दोरांचं दुकान. तरुणपणी सुंभ खरेदी करायला ते कोकणात येत, त्यातल्याच एका खेपेला सुंभाबरोबर मावशीलाही घेऊन गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, दुकानात माणूस हवा होता. मी पाया पडलो. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही (देव त्यांचं भलं करो!). म्हणाले, "हात ठेव फळीवर."

मी हात ठेवला. त्यांनी शेजारी आपला ठेवला. कोपराला कोपर भिडवलं आणि बोटांच्या टोकांकडे डोळे बारीक करून पाहिलं. दोघांची मधली बोटं एका रेषेत!

"रखमे," तात्या आत ओरडले, "पोरगं ठिवलं गं!"

कारण आमच्या दुकानात दोर हातानं मापला जायचा. डाव्या कोपराच्या टोकाला दोर लावायचा, मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणायचा, झाला एक हात. सगळ्या बाजारात अशीच रीत. पण आमच्या दुकानाचा हात म्हणजे तात्यांचा हात. तो त्यांच्या वडिलांच्या हाताएवढा, आणि वडिलांचा आजोबांच्या हाताएवढा. तीन पिढ्या एकच माप, याचा तात्यांना असा अभिमान, की माझ्या आधीचा माणूस अर्ध्या बोटानं लांब भरला म्हणून त्यांनी त्याला तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं. चांगला मेहनती माणूस. नुसतं अर्धं बोट!

हे मला मावशीनं पहिल्याच जेवणाला सांगितलं. त्या घासापासून मी काळजी करायला लागलो.

काळजी करायला मला तसं निमित्त लागत नाही. घरचं पत्र आलं नाही तर काळजी, आलं तर का आलं म्हणून काळजी. तात्या रागावले की वाटायचं, आता घालवतात. रागावले नाहीत की वाटायचं, घालवायचं ठरवून मोकळे झालेत. आणि काळजी करताना माझी बसण्याची एक पद्धत आहे. दुकानाच्या फळीवर डावं कोपर रोवायचं, मुठीवर गाल टेकायचा आणि समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहायचं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत असा असायचो. सहा महिन्यांत फळीला खळगा पडला नाही, पण माझ्या कोपराला उंचवटा आला.

आधी बोराएवढा. मग सुपारीएवढा. चैत्र संपता संपता चांगला लिंबाएवढा! दुखेना, खुपेना. दाबलं की आत पाणी हलल्यासारखं वाटे. मी घाबरून भिंतीवर माप घेतलं. आलो तेव्हा केलेल्या खुणेपेक्षा माझा हात दोन बोटं लांब भरला. अर्ध्या बोटासाठी एक माणूस घरी गेला होता. मी तर दोन बोटं वाढलो होतो!

उपाय म्हणून मी दोर गाठीच्या अलीकडून मापायला सुरुवात केली. पहिल्याच गिऱ्हाइकानं पकडलं. सुप्याचे गेनबा. सत्तरीचे, पण नजर घारीची.

"ए पाव्हणं, दोर कुठं लावतुस? कोपराच्या टोकाला लाव की! अजून जरा म्होरं आलास तर मनगटापासनं मापशील."

मी निमूट टोकाला लावला. अठ्ठेचाळीस हात मोजले. प्रत्येक हाताला दोन बोटं जास्त. गेनबा दोर खांद्यावर टाकून गेले आणि मी देवाला नमस्कार केला. (देवालाही गाठ दाखवली नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता.)

त्या सदऱ्यावरून मावशीनं हटकलं. "मेल्या, वैशाखात मनगटापर्यंत बाह्या?"

"थंडी वाजते, मावशी."

झालं! आठ दिवस मला सकाळ-संध्याकाळ गवती चहा, सुंठ आणि मिऱ्यांचा काढा. बाहेर ऊन मी म्हणतंय, आत काढा मी म्हणतोय, आणि मधे मी घोंगडीत!

पुढच्या बाजारादिवशी गेनबा परत आले. एकटे नाही, तिघांना घेऊन. मी बाही आणखी खाली ओढली.

"तात्या," गेनबा म्हणाले, "बत्तीस वरसं तुज्याकडनं दोर न्हेतुय. दर साली अठ्ठेचाळीस हात. दर साली बादली पान्याच्या वर दोन हात लोंबकाळती आन् मी खाली वाकून कासरा जोडतुय. आन् दर साली तू काय म्हंतुस?"

"दोर पानी पितो आन् आटतो," तात्या सवयीनं म्हणाले. "अंबाडीची जातच तसली. माजा हात आटतो व्हय?"

"मग औंदा का न्हाय आटला? बादली बुडली आन् वर दीड हात उरला! म्हातारी म्हनली, दोर बदलला का विहीर वर आली?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या कोकण्याच्या हाताला गुण हाय. ह्या तिघांस्नी बी त्यानंच मापू दे."

तात्यांना आधी त्याचं कौतुकच वाटलं. "पोरगं ग्वाड बोलतंय, गिऱ्हाईक खेचतंय," असं ते मावशीला सांगत. (मी गिऱ्हाइकाशी 'या' आणि 'जा' याशिवाय काही बोलत नव्हतो.) दर गुरुवारी माझ्यापुढची रांग वाढली. सुप्याची कोरडवाहू माणसं विहिरीच्या दोराला आली. अंथुर्ण्याची बैलांच्या कासऱ्याला आली. सांगवीचा एक तर कालव्याचं पाणी दाराशी असलेला माणूस, त्याला दोराची गरजच नव्हती, तोही चाळीस हात घेऊन गेला. "घरात आसावा," म्हणाला.

मग एका दुपारी तात्यांनी भेंडोळी मोजली आणि ताडकन उठले.

"शंभर हाताचं भेंडोळं ब्याण्णव हातांतच कसं संपतंय? आठ हात रोज कोण कुरतडतंय?"

उंदीर झाले, चोर झाले, दोर वळणाऱ्याची लबाडी झाली. शेवटी त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"दत्तू, हात ठेव फळीवर."

मी ठेवला. उजवा.

"डावा!"

"तो... त्याला थंडी वाजते, तात्या."

त्यांनी बाही वर सारली. मावशी पाणी घेऊन आली होती, ती तांब्या तिथंच टाकून ओरडली, "अगं बाई! ह्याच्या हाताला लिंबू लागलंय!"

तात्यांनी कोपराला कोपर लावलं. माझं बोट त्यांच्या बोटापुढे दोन बोटं निघून गेलं. ते बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले, जणू तिथून कोणी त्यांच्या घरात शिरलं होतं.

"गुरवारापतुर हे उतरलं पायजे," ते म्हणाले. "न्हाय उतरलं तर शुकरवारी दौंडची गाडी हाय."

त्या दिवशी शनिवार होता. मला ती गाडी, तो घाट, आणि आंब्याखाली उभे असलेले वडील असं सगळं ओळीनं दिसलं. मावशीच्या हातची भाकरी, निजायला मिळालेली माळ्यावरची जागा, सणाला शिवलेला सदरा, या माणसांनी मला काय दिलं नव्हतं? आणि मी त्यांना काय दिलं? दोन बोटं!

उपचार सुरू झाले. मावशीनं आंबेहळद उगाळून गरम लेप दिला. तो वाळून असा चढला की हात आणखी अर्धं बोट वाढला. मग तात्यांनी तालमीतल्या वस्तादांना बोलावलं. त्यांनी गाठीकडे बघितलंसुद्धा नाही.

"सांधा निखळलाय."

"पण हात तर हलतो," मी हलवून दाखवला.

"निखळलाय म्हनूनच हलतोय. तात्या, पोराला मागनं धरा."

तात्यांनी मला मागून कवळा घातला, वस्तादांनी पुढून मनगट धरलं आणि 'जय बजरंग' म्हणून असा हिसका दिला, की मी वस्तादांकडे गेलो, तात्या माझ्यामागून आले आणि त्यांचं स्वतःचं कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं! माझ्या हाताला करंगळीपर्यंत मुंग्या आल्या. तात्यांच्याही आल्या. आम्ही दोघं हात झटकत दुकानभर नाचत होतो आणि वस्ताद समाधानानं विचारत होते, "झिणझिणलं ना? म्हंजी बसला!"

गाठ होती तिथंच होती. आता खांदाही दुखायला लागला होता.

सोमवारी मावशी हट्टाला पेटली. "इंदापुरास डाक्तर आलाय. मी घिऊन जाते पोराला." तात्या म्हणाले, कशाला. मावशी म्हणाली, "तुमी वस्ताद आणलात त्याचं व्याज फेडाया." आम्ही मोटारीनं इंदापूर गाठलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी गाठ दोन बोटांनी दाबली, हात वाकवला, सरळ केला आणि एकच प्रश्न विचारला, "कोपर टेकून बसता का?"

"बसतो म्हणजे?" मावशी म्हणाली. "फळीला फुटल्यागत असतंय ते!"

"मग टेकू नका. हाडाच्या टोकावर कातडीखाली एक लहानशी पिशवी असते. सारखी दाबली गेली की तिच्यात पाणी भरतं. ताप नाही, लाली नाही, काळजीचं कारण नाही. कापायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही. तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरेल."

"गुरुवारी नाही उतरणार?" मी विचारलं.

"कुठल्या गुरुवारी?"

"आणि औषध?" मावशीनं पदराच्या गाठीला हात घातला.

"उशी. टेकावंसं वाटलंच तर उशीवर टेका."

मावशी परतीच्या वाटेवर अख्खी मोटार ऐकेल अशी बोलत होती, "एवढ्या धुळीतनं इंदापूर, आणि औषध काय, तर उशी! उशी काय बारामतीत मिळत न्हाय?" पण घरी आल्या आल्या तिनं जुन्या लुगड्याची उशी शिवली. बोटभर जाड, मऊ. मी ती छातीशी धरून रडलो. (मावशी म्हणाली, कोपराला लाव, डोळ्यांना नाही.)

गुरुवार उजाडला. लिंबू जसंच्या तसं.

तात्यांनी मला मागे बसवलं आणि स्वतः मापायला उभे राहिले. गिऱ्हाईक पुढं येईना. सगळे मान वाकडी करून माझ्याकडे बघत होते. शेवटी गेनबा म्हणाले, "तात्या, तुजा हात ऱ्हाऊ दे. त्या पोराचा काढ."

"पोराचा हात आजारी हाय!" तात्यांचा तोल सुटला. त्यांनी मला दंडाला धरून पुढं ओढलं, बाही वर केली आणि गाठ बाजाराला दाखवली. "ह्ये बघा! सुजलाय! ह्याच्या मापात दोन बोटं सूज हाय!"

लोक पुढे सरकले. गेनबांनी टोपी काढून गाठीवर अलगद बोट ठेवलं, देवळातल्यासारखं.

"सुजू दे की," ते म्हणाले. "हात म्हंजी कोपरापासनं मधल्या बोटापतुर. ह्ये कोपर न्हाय का? का गुडगा हाय?"

"आन् औषिद बिवषिद लावू नगा," अंथुर्ण्याचा एक जण म्हणाला. "माज्या भावाला पुढल्या गुरवारी सवड हाय."

"खोटा हात हाय त्यो!" तात्या गरजले. मग माझ्याकडे वळले. "सांग रं समद्यास्नी. तुज्या तोंडानं सांग, माजा हात खोटा हाय. न्हायतर गाडी हायेच."

मी आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. साहेबांनासुद्धा मी 'नाही' म्हटलं नव्हतं, नुसता झाडावर गेलो होतो. आजूबाजूला झाड पाहिलं. समोरचा लिंब फार लांब होता.

"तात्या," मी म्हणालो, आणि तो आवाज माझा आहे हे मलाच पटेना, "तुमचे उपकार मी विसरणार नाही. म्हणाल ते ऐकेन. भांडी घासा म्हणालात तर घाशीन. पण कोपर माझं आहे. ते सुजलं असेल, खोटं नाही! गाडीत बसवायचं तर बसवा. मी हे बोलणार नाही."

"आरं, मग सिद्ध कर!" तात्या म्हणाले.

कसं करणार? मला काय ठाऊक! पण पाय निघाले होते. ते तडक शेजारच्या कापडाच्या दुकानात गेले, तिथला कापड मोजायचा, सरकारी शिक्क्याचा लोखंडी वार उचलला आणि परत आले. वाराचे दोन हात, हे चौथीपर्यंतच्या शाळेत मी शिकलो होतो. (शिकलेलं तेवढंच होतं, आणि ते मी धोक्यात घालत होतो.) मी खोटा ठरणार याची मला शंभर टक्के खात्री होती. तरी मी वार फळीवर आपटला आणि कोपर लावलं.

एक हात. बोटाच्या टोकाला खडूची खूण. खुणेला पुन्हा कोपर. दोन हात.

माझं बोट लोखंडाच्या टोकाला टेकलं. टोकाला टोक. मागे नाही, पुढे नाही.

माणसं फळीवर वाकली. गेनबा हळूच म्हणाले, "आता तात्या, तू."

तात्यांनी बाही सारली, छाती काढली, वडिलांचं नाव घेतलं आणि हात ठेवला. एक. दोन. पुढे चार बोटं लोखंड शिल्लक! त्यांनी पुन्हा मापलं. तीन वेळा मापलं. तिसऱ्या वेळी नखं धरून.

"वार सुजला आसंल," ते म्हणाले.

"लोखांड सुजत न्हाय, तात्या," गेनबा म्हणाले. "आन् दोर बी आटत नव्हता."

माणसं हसली. मी हसलो नाही. तात्या फळीवर उघड्या पडलेल्या आपल्या हाताकडे बघत होते. तीन पिढ्यांचा तो हात त्यांनी कधी कोणाला फसवायला उचलला नव्हता. त्यांना तो खराच वाटत होता. ज्यानं मला भाकरी दिली, त्याचा हात मी भरबाजारात आखूड केला होता! मी आत जाऊन गाठोडं बांधायला लागलो. माणसानं निदान स्वतःहून जावं.

मावशी दारात आडवी. "कुठं निघालास?"

"गाडीला."

"गाडी उद्या हाय. आणि तू तीत न्हाईस." मग बाहेर वळून तिनं आवाज चढवला, "ऐकलंत का? पोरगं जाणार असंल तर मी बी माहेराला जाते! तुमच्या हातानं मापलेलं माझं लुगडंबी आखूडच असणार, आता कळलं!"

बाहेरून तात्यांची हाक आली. "दत्तू! हितं ये."

मी गेलो. ते उभे होते, चेहरा लाल, पण मान ताठ.

"ऐका रं," ते बाजाराला म्हणाले, "मी चुकलो आसंन, लबाड न्हाय. ज्याचा ज्याचा दोर कमी पडला आसंल त्यानं यावं, राहिल्याला तुकडा जोडून न्यावा. दत्तू मापंल. माप रं! आन् कोपर नीट टोकापासनं लाव!"

संध्याकाळपर्यंत मी मापत होतो. शेवटी शेवटी मुंग्या करंगळीच्याही पुढं गेल्या.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. मावशी फळीवर उशी ठेवी, कोपर बरं व्हावं म्हणून. ती आत गेली की तात्या उशी काढून घेत. "टेक, टेक, बिनघोर टेक. काय काळजी असंल ती करून घे." मावशी परत ठेवी. पंधरा दिवस मी उशी आणि फळी यांच्या मधे अधांतरी कोपर धरून बसलो, कारण दोघांचेही उपकार होते! अधांतरी राहिल्यामुळं गाठ डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षाही लवकर गेली. एका सकाळी मापलं, तर हात पुन्हा तात्यांएवढा. म्हणजे पुन्हा आखूड.

त्या दिवशी तात्यांनी लोखंडी वार विकत आणला. मला वाटलं, संपलं, आता माझ्या हाताचं काम उरलं नाही. त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला.

"तू धर. मला त्याच्याकडं बघाया जमत न्हाय."

मी धरला, तो धरलाच. कोकणातलं घर सुटलं ते सुटलं, दुकान माझ्याकडे आलं. आता पेठेत लोक मला सचोटीचा माणूस म्हणतात, पोरांना माझं उदाहरण देतात. मी मान खाली घालून ऐकून घेतो. सचोटी माझ्या अंगात आयुष्यात एकदाच भरली होती, तीही फक्त डाव्या कोपरात. आणि डॉक्टर म्हणाले होते तशी, काहीही औषध न घेता, चार आठवड्यांच्या आत ती साफ उतरली!